कोझिकोड : कौलारू मशिदींचे आणि लाकडी जहाजांचे शहर

कोकणातल्या मोहल्ल्यात वाढलेल्या माणसाला केरळमधील कोझिकोड फारसे परके वाटत नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या, उतरत्या कौलांची घरे, ताटात भात आणि मासळी, घरातले एखादे माणूस आखातात नोकरीला, आणि नमाजाची पद्धत शाफई. अरब व्यापाऱ्यांच्या जहाजांनी जोडलेल्या एकाच किनाऱ्यावरचे हे दोन प्रदेश. पनवेल किंवा रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसले की एक रात्र गाडीत काढून कोझिकोडला उतरता येते. पावसाळा आणि कडक उन्हाळा टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. तीन दिवस पुरतात.

पहिला दिवस कुट्टीचिरा मोहल्ल्यासाठी ठेवावा. मधोमध मोठे तळे, भोवती जुने वाडे आणि मशिदी. पण इथे मिनार आणि घुमट शोधू नका. मिश्काल मशीद पाहिली तर आधी ते एखाद्या देवळासारखेच वाटते. कौलांची उतरती छपरे, एकावर एक लाकडी मजले, कोरीव खांब आणि ४७ दरवाजे. धो धो पावसाच्या मुलखात स्थानिक सुतारांना जी बांधणी येत होती, तीच त्यांनी मशिदीसाठी वापरली. नाखुदा मिश्काल या येमेनी जहाजमालकाने चौदाव्या शतकात ती बांधली. इब्न बतूता याच शतकात कोझिकोडला आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात या धनाढ्य जहाजमालकाचा उल्लेख आहे.

जानेवारी १५१० मध्ये अल्बुकर्कच्या पोर्तुगीज फौजेने शहरावर हल्ला करून ही मशीद पेटवली. झामोरिन म्हणजे इथला सामुतिरी राजा हिंदू. त्याचे नायर सैनिक आणि मोहल्ल्यातले मुसलमान एकत्र लढले आणि पोर्तुगीजांना मागे हटावे लागले. मशिदीच्या वरच्या भागातील जळालेल्या लाकडाच्या खुणा आजही राखल्या आहेत. पुढे १५७१ मध्ये शेजारच्या चालियमचा पोर्तुगीज किल्ला झामोरिनने जिंकून पाडला. त्या किल्ल्याचे लाकूड या मशिदीच्या दुरुस्तीला वापरले, असे इथले लोक सांगतात. जवळच मुच्चुंदी मशीद आहे. तिथल्या तेराव्या शतकातील शिलालेखात राजाने मशिदीला दिलेल्या देणगीची नोंद अरबी आणि जुन्या मल्याळम अशा दोन भाषांत कोरलेली आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. इथल्या बहुतेक जुन्या मशिदी स्त्रियांना बाहेरूनच पाहाव्या लागतात. इतक्या लांबून आलेल्या आई-बहिणींचा हिरमोड होतो. शहरातील काही मशिदींत स्त्रियांच्या नमाजाची सोय आहे. तिची चौकशी आधी करून ठेवावी.

गंमत अशी की ज्या मोहल्ल्यात मशिदीचे दार स्त्रियांना बंद, तिथे घर मात्र स्त्रियांचे! कुट्टीचिऱ्यातील जुन्या कोया घराण्यांत लग्नानंतर मुलगी माहेर सोडत नाही. नवरा तिच्या घरी येतो. त्याला ‘पुतियाप्पिळा’ म्हणजे नवा जावई म्हणतात, आणि नातवंडे झाली तरी तो नवाच राहतो. घर आईकडून मुलीकडे जाते. कितीतरी खोल्यांच्या या ‘तरवाड’ वाड्यांत एकेकाळी मावश्या, बहिणी, भाच्या मिळून मोठा गोतावळा नांदे. आता कुटुंबे लहान झाली, देखभाल परवडेना, तेव्हा काही वाडे पाडून तिथे नवी घरे उभी राहत आहेत. उरलेले वाडे लोकांची राहती घरे आहेत. विचारल्याशिवाय आत डोकावू नये की फोटो काढू नये.

दुसऱ्या दिवशी शहराच्या दक्षिणेला चालियार नदीच्या मुखावरील बेपूरला जावे. इथे ‘उरू’ नावाची प्रचंड लाकडी जहाजे बांधतात. कागदावर आराखडा नसतो. मुख्य मिस्त्रीच्या डोक्यात सगळे मोजमाप असते, आणि तयार जहाज पाण्यात ढकलायचे काम दोरखंड आणि ओंडक्यांच्या साहाय्याने खलाशी करतात. ग्राहक बहुतेक अरब देशांतले. मल्याळमचे थोर कथाकार वैकोम मुहम्मद बशीर याच गावात राहत. लोक त्यांना लाडाने ‘बेपूरचा सुलतान’ म्हणत.

संध्याकाळी मिठाई तेरुवू या जुन्या बाजारपेठेत फिरावे. रंगीबेरंगी हलव्याच्या वड्या आणि खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर घरी न्यायला उत्तम. बिर्याणीचा तांदूळ इथे बासमती नाही, तर बारीक, आखूड आणि सुवासिक असतो. केळ्यात गोड सारण भरून तळलेले ‘उन्नक्काय’ मुलांना आवडते. जेवणानंतर समुद्रकिनारी बसून बिनदुधाची ‘सुलेमानी’ चहा घ्यावी.

तिसरा दिवस उत्तरेकडे. सुमारे १६ किलोमीटरवर कप्पड किनारा आहे. मे १४९८ मध्ये वास्को द गामा इथे उतरला, असे सांगणारा दगडी स्तंभ तिथे आहे. तिथून आणखी उत्तरेला, वडकराजवळच्या इरिंगल इथे कुंजाली मरक्कार यांचे स्मारक आणि संग्रहालय आहे. झामोरिनच्या आरमाराचे हे मुस्लिम सरदार. चार पिढ्या त्यांनी पोर्तुगीजांशी समुद्रावर झुंज दिली.

मुलांना ही गोष्ट सांगताना शेवट गाळू नये. चौथ्या कुंजालीचे सामर्थ्य वाढले तसे झामोरिनशी त्याचे बिनसले. झामोरिनने पोर्तुगीजांशी हातमिळवणी करून त्याचा किल्ला वेढला. जीवदानाच्या वचनावर कुंजाली आपल्या राजाला शरण गेला, पण पोर्तुगीजांनी त्याला ताब्यात घेतले. मशिदीसाठी लढणारा राजा याच गादीवरचा होता, आणि आपल्या सरदाराला गमावू देणाराही याच गादीवरचा. सलोखाही खरा, दगाही खरा. मुलांना दोन्ही कळले तर सलोखा जपावा लागतो हेही कळेल.

मुंबईत कुलाब्याच्या नौदल तळाला आज ‘कुंजाली’ हे नाव आहे. परतीची आपली गाडी गोव्यातून जाते. तिथेच १६०० मध्ये चौथ्या कुंजालीला देहदंड देण्यात आला. गाडी मांडवीच्या पुलावर आली की मुलांना खिडकीशी बोलावून एवढे जरूर सांगावे.