निवेदक गेल्यानंतर

मराठीत 'निवेदक' हा शब्द दोन ठिकाणी राबतो, आणि या दोन ठिकाणांची आपण सहसा गाठ पडू देत नाही. कादंबरीतील कथन ज्याच्या मुखातून येते तो निवेदक. रंगमंचावर, आकाशवाणीवर वा दूरचित्रवाणीवर कार्यक्रम पुढे नेतो तोही निवेदकच. पहिल्यासाठी आपण कथनमीमांसेच्या तासिका राखून ठेवल्या आहेत. दुसरा आपल्या अभ्यासव्यवहारात येत नाही. तो घरी, रात्रीच्या जेवणानंतर भेटतो. नंदुरबारसारख्या ठिकाणी पदव्युत्तर वर्गाला समीक्षा शिकवताना मला असे दिसत आले आहे, की पहिल्या निवेदकाविषयी विचारले असता जो वर्ग वहीत मान घालून बसतो, तोच दुसऱ्याविषयी नेमके, सूक्ष्म आणि प्रसंगी निर्दयपणे बोलतो. या दुसऱ्या बोलण्याला समीक्षा म्हणावयाचे की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

निमित्त अलीकडचे आहे. 'झी मराठी'वर ऑगस्ट २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झाले. डॉ. निलेश साबळे हे त्याचे लेखक, दिग्दर्शक आणि निवेदक. वेन बूथने १९६१ मध्ये प्रत्यक्ष लेखक, अध्याहृत लेखक आणि निवेदक ही जी तीन अस्तित्वे मोठ्या काळजीने वेगळी करून दाखवली, त्यांतील निदान दोन येथे एका देहात नांदत होती, आणि तिसऱ्याचा शोध घेण्याची गरज प्रेक्षकाला भासत नव्हती. थुकरटवाडी नावाचे एक कल्पित गाव. आपल्या नव्या चित्रपटाची वा नाटकाची जाहिरात करण्यासाठी तेथे आलेले कलावंत. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे, सागर कारंडे यांची सोंगे. आणि या साऱ्यांच्या कडेला उभा असलेला निवेदक. हा व्यवहार जवळजवळ साडेनऊ वर्षे चालला. २०२४ च्या आरंभी साबळे बाजूला झाले आणि मार्चमध्ये कार्यक्रमही थांबला. त्याच वर्षी ते 'कलर्स मराठी'वर 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' घेऊन आले. भाऊ कदम त्यांच्यासोबत होते. जुलै २०२५ मध्ये 'झी'ने जुने नाव पुन्हा आणले, तेव्हा निवेदकाच्या जागी अभिजीत खांडकेकर होते.

या घटनाक्रमाला निवृत्ती म्हणता येणार नाही. आपल्याकडे निवेदक निवृत्त होत नाही. तो एके दिवशी नसतो. परंतु समीक्षकाला क्वचितच मिळते अशी एक सोय येथे आपसूक झाली आहे. नाव वाहिनीकडे राहिले आणि वाक्य माणसाबरोबर गेले. 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' हे साबळे यांचे, थुकरटवाडीत प्रेक्षकांना अभिवादन करताना वर्षानुवर्षे उच्चारलेले वाक्य. ते जरा थांबून पाहण्यासारखे आहे. 'हसत आहात ना' याचे बोलीतले आकुंचन, म्हणजे आदरार्थी रूप असूनही सलगी. त्यात 'ना' ची आर्जवी विचारणा. आणि लगेच 'च' चा आग्रह, जवळजवळ हुकूमच. विचारपूस आणि सक्ती यांची अशी बेमालूम सांगड घरातली वडीलधारी बाई ताटात तिसरी भाकरी वाढताना घालते. हेच वाक्य दुसऱ्या वाहिनीवर शीर्षक झाले तेव्हा त्याचे काय झाले? माझ्या एका विद्यार्थिनीचे उत्तर असे होते, की पूर्वी ते आम्हाला विचारलेले असे, आता ते पाटीवर लिहिलेले आहे. संबोधनाचे शीर्षक झाले की संबोधित हरवतो, असे मी फळ्यावर लिहिले खरे. पण तिचे म्हणणे अधिक चांगले होते.

१९६९ मध्ये मिशेल फूकोने लेखक म्हणजे काय असा प्रश्न विचारला, तेव्हा लेखकाचे नाव हे संहितांचे वर्गीकरण करणारे, त्यांना एकत्र बांधणारे कार्य आहे असे त्याने दाखवले. थुकरटवाडीच्या बाबतीत हे कार्य कोणाचे नाव करीत होते? वाहिनीचा कौल उघड आहे: कार्यक्रमाचे. प्रेक्षकांचा कौल मात्र दुभंगलेला आढळतो आणि ही दुफळी मला महत्त्वाची वाटते. 'कार्यक्रम तोच आहे, फक्त माणूस बदलला' असे म्हणणारे आणि 'माणूस गेला म्हणजे ते नाव राहिलेच कुठे' असे म्हणणारे एकाच घरात, एकाच सतरंजीवर बसलेले असतात. संहितेच्या अनन्यतेविषयी आपण नियतकालिकांतून जो वाद घालतो, तो येथे कोणत्याही परिभाषेविना चाललेला असतो.

येथे प्रेक्षक म्हणजे कोण, हे सांगणे आवश्यक आहे. रात्री साडेनऊ ही मुंबईच्या हिशेबाने रात्र नव्हे; अक्राणीच्या डोंगरातल्या पाड्यावर ती उशिराची रात्र असते. नंदुरबार, शहादा, नवापूर या गावांत हिंदी आणि गुजराती वाहिन्यांचा पर्याय हाताशी असतो. तरीही मराठी लावली जाते, तेव्हा ती निवड असते. वसतिगृहातील मुले आता बहुधा भ्रमणध्वनीवरच तुकडे पाहतात, अख्खा भाग क्वचित. म्हणजे निवेदक ज्या जोडकामासाठी असतो ते जोडकामच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, तरीही निवेदकाविषयीची त्यांची मते पक्की असतात.

ही मते विनोदाच्या दर्जाविषयी फारशी नसतात. विनोद शिळा झाला, तीच तीच सोंगे येतात, साडी नेसलेल्या पुरुषावर किती दिवस हसायचे, रंगावरून आणि अंगकाठीवरून केलेली थट्टा नकोशी वाटते, हे सगळे बोलले जाते. विशेषतः मुली बोलतात, आणि त्यांचे बरोबर आहे. पण निवेदकाला लावलेली कसोटी वेगळी असते. पाहुण्याला बोलू दिले का. मोठ्या नटापुढे तो किती वाकला. एखादे सोंग फसले तेव्हा त्याने कोणाची बाजू सावरली. स्वतः किती हसला: काहींच्या मते जरा जास्तच. आमच्या विभागातील एक ज्येष्ठ सहकारी, जे एरवी दूरचित्रवाणीचे नाव काढले तरी नाक मुरडतात, त्यांचा आक्षेप होता की निवेदकाने प्रेक्षकाच्या वाटचे हसू नये. हा आक्षेप मी तेव्हा हसण्यावारी नेला नाही, आजही नेत नाही. विश्वसनीय आणि अविश्वसनीय निवेदक असा भेद आपण शिकवतो. तो कथेतील सत्याशी संबंधित आहे. या प्रेक्षकांचा भेद सत्याशी नव्हे, रीतीशी संबंधित आहे. निवेदक मंच आणि बैठक यांच्यामध्ये नेमका कोठे उभा आहे, कोणाकडे तोंड करून आणि कोणाकडे पाठ करून, हे ते पाहतात.

आपल्या समीक्षेत या उभे राहण्याच्या जागेला नाव नाही. दृष्टिकोन हा शब्द आहे. पण तो पाहण्याविषयी आहे, उभे राहण्याविषयी नाही.

पाश्चात्त्य अभ्यासकांनी या नात्याची चर्चा फार पूर्वी केली. डॉनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये दूरचित्रवाणीवरील यजमान आणि प्रेक्षक यांच्या संबंधाला 'आभासी सामाजिक संबंध' अशा अर्थाची संज्ञा दिली: जवळीक भासते, पण ती एकतर्फी असते. अमेरिकेत रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांची परंपरा तेव्हा नुकतीच रुजत होती. तिचा कळस जॉनी कार्सन. १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत, म्हणजे सुमारे तीस वर्षे, त्याने 'टुनाइट शो' चालवला आणि जाण्याचे वर्षभर आधी जाहीर केले. शेवटच्या भागात त्याने एकही पाहुणा बोलावला नाही. त्यानंतर २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो पडद्यावर जवळजवळ फिरकलाच नाही. ही खरी निवृत्ती. तेथे खुर्ची स्थिर आणि माणसे बदलणारी, म्हणून वारसाहक्काचे तंटे झाले. १९९२ मध्ये जे लेनो आणि डेव्हिड लेटरमन यांच्यातला तंटा गाजला. लेटरमनने २०१५ च्या मे महिन्यात रजा घेतली, आणि त्याच्या खुर्चीवर बसलेल्या स्टीव्हन कोल्बेअरचा कार्यक्रम मे २०२६ मध्ये बंद होणार असल्याचे जुलै २०२५ मध्ये वाहिनीने जाहीर केले, तेव्हा तेथील वाद माणसाचा राहिला नाही, खुर्चीचाच झाला.

आपला यजमान खुर्चीवर बसत नाही, उभा राहतो. हा फरक किरकोळ नव्हे. कीर्तनकार उभा असतो, सूत्रधार उभा असतो, शाहीर उभा असतो. बसलेल्या निवेदकाकडे लोक येतात. उभा असलेला निवेदक लोकांकडे आलेला असतो, आणि जो आला तो जाणार हे गृहीतच असते. त्यामुळे हॉर्टन आणि वोल यांची 'आभासा'ची कल्पना मला येथे अपुरी वाटते. आमचे प्रेक्षक फसलेले नाहीत. ते नाते जोडतात ते एका जुन्या सवयीने, आणि नात्याचे नाव निवडून जोडतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'चे आदेश बांदेकर घराघरांत 'भावोजी' झाले, कारण ते घरात येत. साबळे मात्र आमच्याकडे 'डॉक्टर'च राहिले. ही उपाधी त्यांच्या शिक्षणाची खरी. परंतु गावात डॉक्टरशी जेवढ्या अंतराने बोलतात तेवढेच अंतर त्या उच्चारात आहे. अंतरासह आपुलकी, असा हा प्रकार. त्याला आभास म्हणून मोडीत काढणे घाईचे होईल.

कार्यक्रमातील एका भागाविषयी मात्र माझ्या वर्गाचे एकमत होते. सागर कारंडे पोस्टमनच्या वेषात येऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र वाचून दाखवीत. हास्यरसाच्या मध्यभागी अचानक शेतकऱ्याचे, एकट्या पडलेल्या आईबापांचे असे काही बोलले जाई, आणि तेवढा वेळ निवेदक जवळजवळ नाहीसा होई. पत्र हा मराठी गद्याचा जुना, घरगुती रूपबंध. तो छापील साहित्यात क्षीण झाल्यावर येथे सापडावा, यावर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधिका लिहायला हरकत नाही. काहींना त्यात भावविवशता जाणवे, मलाही अनेकदा जाणवली. पण साबळे गेल्यावर त्यांच्याविषयी बोलताना दोन-तीन जणांनी ही गप्प राहण्याची जागाच आठवली, हे मी नोंदवून ठेवले आहे. निवेदकाचे मौन हे निवेदनाचेच अंग आहे, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.

आता एका अडचणीच्या गोष्टीकडे. थुकरटवाडी हे गाव कोणते? तेथे वऱ्हाडी ऐकू येई, भारत गणेशपुरे यांच्या तोंडून ती महाराष्ट्रभर गेली. घाटावरची बोली होती, मालवणी होती. अहिराणी क्वचित, आणि आली तर गंमत म्हणून. देहवाली, मावची, पावरी यांचा प्रश्नच नव्हता. माझ्या वर्गातील अनेकांची घरची भाषा यांपैकी एक आहे. मराठी ही त्यांनी शाळेत कमावलेली. अशा मुलाने मराठी निवेदकाच्या रीतीविषयी मत देणे म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या पंगतीविषयी मत देणे होय. ते तो देतो, हेच मोठे आहे. शहादा भागातील वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' या १९८७ च्या संग्रहाने भिली आणि मराठी यांना शेजारी बसवले. त्यांची 'स्टेज' ही कविता ज्यांनी वाचली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल: मंचावर कोण चढतो, कोणाला बोलावले जात नाही, आणि आपली गोष्ट आपल्याला परत कोण सांगतो, हा तिचा विषय आहे. मी ती कविता आणि साबळे यांचे जाणे एकाच आठवड्यात वर्गात घेतले. सुरुवातीला मुलांना हे विसंगत वाटले. मग मागच्या बाकावरून विचारणा झाली: सर, निवेदक बदलला तर आपण एवढे बोलतो, पण निवेदक आपल्यातला असावा असे आपण कधी म्हटले का?

वर्गात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने सोंगाड्या पार्टीचे नाव काढले. आमच्या भागात या पार्ट्यांचे खेळ रात्री सुरू होतात ते उजाडेपर्यंत चालतात. सोंगाड्या तेथल्या बोलीत बोलतो, गावातल्या माणसांवर बोलतो, आणि प्रेक्षकांतून त्याला उत्तर येते. ते उत्तर घेऊनच खेळ पुढे सरकतो. दूरचित्रवाणीच्या निवेदकाला हे सुख नाही, त्याच्यासाठी हसणारे समोर बसवावे लागतात. विचारणा केली तेव्हा त्या मुलाने त्याच्या गावातल्या एका म्हाताऱ्या सोंगाड्याविषयी सांगितले. पाय थकल्यावर तो कामातून गेला. निरोपाचा कार्यक्रम वगैरे काही झाला नाही. आता तो खेळाच्या रात्री पुढच्या रांगेत घोंगडी पांघरून बसतो आणि नव्या सोंगाड्याला भर खेळात टोकतो, पहाटेपर्यंत. नवा त्याच्याकडे वळून उत्तर देतो, आणि लोक दोघांनाही हसतात.

त्या मुलाने पुढच्या सत्रात याच विषयावर लेखन करायचे ठरवले आहे. शीर्षकात 'निवेदक' हा शब्द ठेवायचा की 'सोंगाड्या', यावर आमची अजून चर्चा चालू आहे. पावरीत या दोघांसाठी एकच शब्द असेल तर तो हवा, असे त्याचे म्हणणे आहे. सुटीत घरी गेल्यावर तो विचारून येणार आहे.