माशी आणि लाल ठिपका

मिनी प्रोजेक्टचा विषय द्यायची शेवटची तारीख होती आणि आमच्या ग्रुपकडे विषयच नव्हता. लाइन फॉलोअर रोबो दोघांनी घेतलेला, पाण्याच्या टाकीचा इंडिकेटर चौघांनी. रात्री मेसमधून परत येताना अमेरिकेतल्या आतेभावाचा फोन आला. दादा मूळचा आमच्याच महाडचा, आता नोकरीनिमित्त तिकडे. त्या आठवड्यात त्याच्या कंपनीतला एक गोरा त्याला टर्कीच्या शिकारीला घेऊन गेला होता. म्हणजे दादा नुसता बघायला, झाडाला टेकून बसलेला!

दादाने जे सांगितलं ते ऐकून माझी झोप उडाली. टर्की म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा धिप्पाड भाऊबंद. वसंतात नर माद्यांना साद घालत फिरतात. शिकारी रानाच्या रंगाचे कपडे घालून झाडाच्या बुंध्याशी बसतो आणि तोंडाने किंवा छोट्या यंत्राने मादीचा आवाज काढतो. नर फसतो आणि जवळ येतो. पण या पक्ष्याची नजर एवढी तीक्ष्ण की बोट हललं तरी पसार. नेम धरायचा तो अंगावर नाही, डोक्यावर आणि मानेवर. म्हणजे लक्ष्य जेमतेम मुठीएवढं आणि अंतर तीस-चाळीस पावलं. बंदूक छर्ऱ्यांची. तिच्या टोकाला नेमासाठी फक्त एक मणी असतो. घाईत गाल दस्त्यावरून जरा उचलला गेला की डोळा वर जातो आणि छर्रे पक्ष्याच्या डोक्यावरून जातात. म्हणून आजकाल तिकडे बरेच जण बंदुकीवर बॅटरीवर चालणारी एक काचेची खिडकी बसवतात. खिडकीत लाल ठिपका दिसतो. ठिपका जिथे, छर्रे तिथे. बस्स!

"त्यात एलईडी असतो रे," दादा म्हणाला, "तुमच्याच ब्रँचचं काम."

झालं. विषय मिळाला.

या विषयावर मी एवढा का उडालो, ते सांगितलं पाहिजे. माझं गाव तळीये. महाड तालुक्याच्या आतल्या डोंगरातलं. २०२१ नंतर हे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं, त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण माझ्यासाठी तळीये म्हणजे आधी आमच्या आबांची बंदूक. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, ठासणीची. नळीत आधी दारू, मग छर्रे, गजाने ठासायचं, घोड्याखाली टोपी बसवायची. लहानपणी त्या बंदुकीला हात लावला तर पाठीत धपाटा बसायचा. निवडणूक आली की आबा तिला पोत्यात गुंडाळून, एसटीने महाडला नेऊन पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि नंतर सोडवून आणायचे. तिचा उपयोग मुख्यतः बार काढून रानडुकरं हाकलण्यापुरता. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. तेव्हापासून परवानगीशिवाय रानातलं काही मारता येत नाही, हे आबा आम्हाला सातबारा वाचल्यासारखं सांगायचे.

त्या बंदुकीच्या टोकाला पितळेचा एक बारीक दाणा आहे. त्याला म्हणतात माशी. डोळा, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आले की नेम बसला. पण आबांची चाळिशी लागून तीस वर्षं झाली, वर मोतीबिंदूचं ऑपरेशन. हातभर लांबीवरची माशी त्यांना धूसर दिसते. माशीकडे बघावं तर शेत पुसट, शेताकडे बघावं तर माशी गायब. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस होतो, हे आपण बारावीत शिकलो. आबा ते शेताच्या माळ्यावर बसून शिकले.

आता थोडं टेक्निकल. ज्यांना व्हायवाचं टेन्शन आहे त्यांनी हा भाग गाळला तरी चालेल. बहिर्वक्र भिंगाच्या नाभीवर दिव्याचा बारीक ठिपका ठेवला की त्यातून समांतर किरण बाहेर पडतात. ते ४५ अंशांत तिरक्या धरलेल्या साध्या काचेवर पाडले की थोडा प्रकाश परत डोळ्याकडे येतो. डोळ्याला वाटतं, ठिपका काचेवर नाही, दूर लक्ष्यापाशीच आहे. मग माशी आणि लक्ष्य असे दोन फोकस उरत नाहीत. डोळा खिडकीत थोडा इकडे-तिकडे झाला तरी ठिपका लक्ष्यावरून हलत नाही. कल्पना नवी नाही. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब या दुर्बिणी बनवणाऱ्या माणसाने ती १९०० साली मांडली. बॅटरी आणि एलईडी घालून ती बंदुकीवर आणली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने, १९७५ मध्ये.

आमचं मॉडेल मात्र शुद्ध जुगाड होतं. १०० मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग, पीव्हीसी पाइपचा तुकडा, मायक्रोस्कोपची काचपट्टी, लाल एलईडी आणि त्यापुढे सुईने भोक पाडलेला ॲल्युमिनियम फॉइल. पहिलं भोक साधारण ०.३ मिलिमीटरचं झालं. हिशोब सोपा आहे. शंभर मिलिमीटरला ०.३, म्हणजे तीस मीटरवर ९ सेंटिमीटर. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये या टोकाला उभं राहून बघितलं तर त्या टोकाच्या वॉटर कूलरचा नळच ठिपक्याखाली झाकला गेला! टर्कीचं आख्खं डोकं झाकणारा ठिपका काय कामाचा? सुईचं नुसतं टोक टेकवून, सात-आठ फॉइल वाया घालवून शेवटी ०.१ पर्यंत आलो. तीस मीटरवर ३ सेंटिमीटर. रात्री एक वाजता आम्ही कॉरिडॉरमध्ये असे ओरडलो की वॉचमनकाका वर आले.

बॅटरीचा हिशोबही मजेशीर आहे. बटण सेल २०३२ हा साधारण २२० मिलीअँपिअर-अवरचा. आमचा एलईडी १ मिलीअँपिअर खायचा, म्हणजे २२० तास, नऊ दिवस. विकतच्या चांगल्या साइटवर ५०,००० तास लिहिलेलं असतं, म्हणजे साडेपाच वर्षांहून जास्त. भागाकार करून बघा. तसाच सेल धरला तर साडेचार मायक्रोअँपिअरच्या आसपास करंट येतो. एवढ्याशा करंटवर दिसणारा दिवा बनवणं ही खरी इंजिनिअरिंग. आमचं आपलं सबमिशन!

शिमग्याला घरी जाताना मॉडेल बॅगेत घेतलं. जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल होता. स्टॉलवरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीचा नेम कधीच सरळ नसतो, हे जगजाहीर आहे. स्टॉलवाल्याला पटवून, रबरबँडने आमचा पाइप त्या बंदुकीवर बांधला. पहिले पाच छर्रे ठिपका जुळवण्यात गेले. पाइपखाली कागदाच्या घड्या सरकवल्या. नंतरच्या दहांत नऊ फुगे! स्टॉलवाला म्हणाला, "भावा, उद्या येऊ नको."

मी हवेतच घरी आलो. आबा ओटीवर बसले होते.

"आबा, तुमच्या बंदुकीसाठी बॅटरीवरचा नेम बनवलाय."

आमच्याकडे बॅटरी म्हणजे विजेरी. आबा म्हणाले, "बॅटरी हाय की माझ्याकडं."

मग मी सगळं समजावलं. त्यांच्या हातात पाइप दिला. समोरच्या फणसाच्या खोडावर त्यांनी ठिपका धरला आणि बराच वेळ बघत राहिले. "दिसतंय रं," म्हणाले, "लख्ख दिसतंय." त्यांच्या तोंडावर लहान मुलासारखा आनंद होता. मला वाटलं, प्रोजेक्टचं सार्थक झालं. मी जोरात म्हणालो, "आता मान वाकडी असू दे, गाल उचललेला असू दे, नेम चुकणारच नाही!"

आबांनी पाइप खाली ठेवला.

"चुकणारच न्हाई?"

"नाही."

"मग नको मला."

मला राग आला. एवढी मेहनत केली, आणि नको? आबा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते घरात आजीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्या जन्माआधीची गोष्ट. कोजागिरी होऊन चार-पाच दिवस झालेले, भात पिकलेलं. सलग तीन रात्री डुकरांनी शेत लोळवलं होतं. चौथ्या रात्री आबा माळ्यावर बसले. मध्यरात्रीनंतर बांधाकडे खसखस झाली. चंद्र होता. भातात वाकलेलं काळं काहीतरी हलत होतं. तीन रात्रींची झोप नाही आणि डोक्यात राग. आबांनी बंदूक उचलली, माशी त्या काळ्यावर आणली आणि चाप ओढला.

"डुक्कर माणसासारखं बोंबललं," आबा म्हणाले.

तो माणूसच होता. पलीकडच्या वाडीतला, तेव्हा तिशीतला. हरवलेलं रेडकू शोधत, डोक्यावर घोंगडी घेऊन वाकून चालत आलेला. त्याला एक छर्राही लागला नव्हता. घाईत आबांचा गाल दस्त्यावरून उचलला गेला होता. नेम वर गेला होता. जी चूक दादाच्या गोऱ्या मित्राची टर्की घालवते, त्याच चुकीने तो माणूस वाचला.

आबांनी गावाला सांगितलं, हवेत बार काढला. सगळ्यांनी मान्य केलं.

"तुझा ठिपका असता," आबा म्हणाले, "तर मी आज हितं बसलो नसतो. आन् त्योबी नसता."

मी काय बोलणार? मला दादाने फोनवर हसत सांगितलेली एक गोष्ट आठवली, तिचा अर्थ तेव्हा कळला. टर्कीच्या शिकारीला जाताना अंगावर लाल, पांढरं, निळं काही घालायचं नाही असा तिकडे दंडक आहे. कारण नराचं डोकं त्याच रंगांचं असतं आणि झुडपात दिसलेल्या लाल रुमालावर दुसरा शिकारी बार काढू शकतो. शिवाय मादीचा आवाज काढणाराही माणूसच असतो. म्हणून शिकवतात, आवाजावर नेम धरू नका. आधी आख्खा पक्षी बघा, छातीवर लोंबणारी नराची केसांची दाढी बघा, मग बोट चापावर न्या. म्हणजे बंदूक सुधारली तरी शिकवण आबांचीच. आपल्या कोकणातही डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतोच की.

माशीने नेम धरायला वेळ लागतो. ती डोळ्यासमोर आणा, जुळवा, पुन्हा बघा. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धेत ठिपक्याची साइट चालतच नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवणाऱ्या आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनेही असंच गोलात गोल जुळवत नेम धरला. आम्ही तो वेळ काढून टाकला आणि त्याला इफिशिअन्सी म्हटलं. पण 'समोर कोण आहे' हे बघायला मिळणारा वेळही तोच होता. ठिपका फक्त सांगतो, छर्रे कुठे जातील. तिथे काय आहे, हे तो सांगत नाही.

"ते काका कोण?" मी विचारलं. आबांनी नाव सांगितलं आणि मी गार पडलो.

२२ जुलै २०२१, गुरुवार. आमच्या गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होतो. महाडला पूर, रस्ते बंद, फोन बंद, बाहेरची मदत लगेच पोचू शकली नाही. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसंच आधी चिखलात उतरली. त्यांत हे काका होते. पन्नाशी उलटलेले, गुडघाभर गाळात, हातात घमेलं. दोन दिवस ते घरी गेले नाहीत. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कोणाला वाचवता आलं नाही याचं दुःख त्यांना अजून आहे. पण आपल्या माणसांना त्या गाळात कोणीतरी शोधतंय, एवढाच तेव्हा लोकांना आधार होता.

"काकांना माहीत आहे? बार हवेत नव्हता ते?"

"दुसऱ्या दिवशी बांधावरच्या आंब्याच्या खोडात छर्रे त्यानंच बघितले. माझ्याकडं बघितलं. अजून एक शबुद बोलला न्हाई."

हॉस्टेलला परत आलो तेव्हा सबमिशनला तीन आठवडे होते. सर्किट बदललं. आता बटण दाबलं की लाल ठिपका लागत नाही. आधी पांढरी विजेरी लागते, आणि ती तीन सेकंद जळल्यावरच ठिपका उजळतो. कमी व्होल्टेजवर चालणारा सीमॉस जातीचा ५५५ टायमर वापरला. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "डिले तर दोष मानतात. तुम्ही मुद्दाम का घातला?"

मी म्हणालो, "सर, समोर कोण आहे ते बघायला."

सरांनी वर बघितलं, थोडं थांबले आणि पुढचा प्रश्न विचारला. मार्क बरे पडले.

मॉडेल आबांच्या बंदुकीवर कधीच बसलं नाही आणि बसणारही नाही. ठासणीच्या एका धक्क्यात आमचं सोल्डरिंग सुटेल, हे एक. आणि आता आबा चापाला हातच लावत नाहीत. पण पाइप त्यांनी ठेवून घेतलाय. संध्याकाळी ओटीवर बसून ते त्यातून फणसाकडे बघतात. आधी विजेरी लागते, ते मनात एक-दोन-तीन म्हणतात, मग ठिपका.

फोनवर त्यांना विचारलं, हे मासिकात लिहू का? म्हणाले, "लिही. त्याचं नाव नको घालू. आन् पोरांना सांग, आधी बॅटरी मारायची. डुक्कर असलं तर पळंल, माणूस असला तर शिव्या देईल. दोन्ही चांगलंच."

– टी. ई. (ई अँड टीसी)