गोळ्यांची डबी आणि जगाचे टोक

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली अठ्ठावीस वर्षे दवाखाना चालवतो. ‘डॉक्टर, प्रवासाला गेलं तर चालेल का?’ हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी कानी पडतो. काशीयात्रेला निघालेल्या आजी विचारतात, मुलाकडे दुबईला जायचे म्हणून मधुमेही काका विचारतात. रक्तदाब पाहून, गोळ्यांची यादी डोळ्यांखालून घालून मी दोन मिनिटांत उत्तर देतो. हाच प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर काय वाटते, हे मात्र मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळले.

माझ्या हृदयाच्या एका रोहिणीत स्टेंट बसला त्याला दहा महिने होत आले होते. माझ्या पत्नीने सव्वीस वर्षे हायस्कुलात भूगोल शिकवला. उष्ण कटिबंध, दोन मोसमी वारे, सदाहरित वने हे सारे तिने फळ्यावर असंख्य वेळा काढले. प्रत्यक्ष पाहण्याचा योग दरवेळी माझ्या दवाखान्यापायी हुकला. फेब्रुवारीत श्रीलंकेला नऊ दिवस जायचे, देवळे व किल्ले यांऐवजी रानेच पाहायची, असे तिने ठरवले आणि तसा कागदही तयार केला. मी माझ्या हृदयरोगतज्ज्ञांसमोर हात बांधून बसलो. त्यांनी ट्रेडमिलची चाचणी घेतली, समाधान व्यक्त केले आणि तीन अटी घातल्या. गोळी एकही चुकवायची नाही. चालताना बोलता येत नसेल तिथे थांबायचे. आणि श्रीपाद शिखर चढायचे नाही, कारण सुमारे साडेपाच हजार पायऱ्या आणि त्याही बहुधा रात्री. पत्नीने घरी येताच कागदावरील ‘श्रीपाद’ लाल पेनाने खोडले.

श्रीलंका हा महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा देश. परंतु समुद्रकिनाऱ्यावरील घामट उकाड्यातून निघालेला माणूस काही तासांत स्वेटर चढवतो. पश्चिम घाट आणि श्रीलंका यांना जीवशास्त्रज्ञ जैवविविधतेचा एकच प्रदेश मानतात, हे पत्नीने विमानातच सांगितले होते. त्याची खूण पहिल्याच रानात पटली.

कोलंबोहून मोटारीने चार-पाच तासांवर सिंहराजाचे वर्षावन आहे. १९७०च्या दशकात येथे यंत्रांनी लाकूडतोड चालू होती. लोकांच्या विरोधामुळे ती थांबली आणि १९८८ साली हे वन जागतिक वारसा ठरले. येथे वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्या कोयनेच्या खोऱ्यातही पाऊस उदंड, पण तो चार महिन्यांत कोसळून जातो. सिंहराजात तो वर्षभर वाटून येतो, म्हणून तेथील जमीन कधी सुकतच नाही. आत शिरताच नागचाफ्याचा ओळखीचा वृक्ष दिसला. हा त्यांचा राष्ट्रीय वृक्ष, नाव नुसते ‘ना’. पुढे वस्तीजवळ भेरली माड दिसला. त्याचा फुलोरा कापून रस काढतात आणि आटवून काकवी व गूळ करतात. हा गूळ मधुमेह्यांना चालतो असे तेथेही कुणीतरी सांगितलेच. वाचकहो, चालत नाही. गूळ कोणत्याही झाडाचा असो, रक्तात तो साखरच होतो.

सिंहराजात वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. तासभर रान अगदी मुके होते. मग एकाएकी डोक्यावर गलका उडाला. नारिंगी चोचीचे सातभाई, त्यांच्या मागे कोतवाल, मग इतर जातींचे कितीतरी पक्षी एकत्र चरत, ओरडत पुढे सरकत होते. सातभाई पाने ढवळतात, किडे उडतात, ते इतरांना मिळतात. कोतवाल धोक्याची हाक देतो. त्या गर्दीत निळा मॅगपाय येऊन बसला. निळे अंग, तांबूस डोके, लाल चोच. पत्नी श्वास रोखून उभी होती. मीही वरच पाहत होतो, आणि त्या वेळात जळवांनी त्यांचे काम उरकले.

पावसाळ्यात कोयनेकडे गेलेल्यांना जळू नवी नाही. ती चावते ते कळत नाही आणि तिच्या लाळेतील द्रव्य रक्त गोठू देत नाही. एरवी थोडा वेळ ओघळून जखम थांबते. मी मात्र ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घेतो. घोट्यावरच्या दोन टिकल्यांएवढ्या जखमा तीन तास वाहत राहिल्या. मोजा भिजला, बूट भिजला. धोका काही नव्हता, पण दिसायला ते भयंकर दिसत होते, आणि इतरांना धीर देणारा मी स्वतः पांढरा पडलो होतो. स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून, पाय वर घेऊन बसणे एवढाच इलाज. अशा गोळ्या घेणाऱ्यांनी गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे जरूर घालावेत. केवळ रक्त पाहून घाबरून गोळ्या बंद करू नयेत. जळवेपेक्षा तो अविचार कितीतरी महाग पडतो.

परतताना वाटाड्याने हात आडवा धरून आम्हांला थांबवले. वाटेच्या कडेला, पाचोळ्याच्याच रंगाचा, वेटोळे घातलेला आखूड साप होता. उंच नाकाचा चापडा. श्रीलंकेत सर्पदंशावर वापरतात ती लस भारतातच तयार होते, पण ती या सापाच्या विषावर चालत नाही. हा साप आपल्या पश्चिम घाटातही आहे. दंशानंतर रुग्णालयात देखरेखीखाली राहणे हाच उपाय उरतो. म्हणून रानात पाऊल टाकण्यापूर्वी ते कोठे पडणार हे पाहावे, आणि पक्षी पाहायचा तर उभे राहून पाहावा.

मच्छरांविषयीही सांगितले पाहिजे. हिवताप श्रीलंकेने हद्दपार केला. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे प्रमाणपत्र दिले. शेजारच्या या लहान देशाने ते साधले, याचा एक वैद्य म्हणून मला हेवा वाटतो. डेंग्यू मात्र आहे, आणि २०१७ सालच्या साथीत तेथे एक लाख ऐंशी हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. हा डास दिवसा चावतो. माझ्यासारख्याला डेंग्यूची भीती दुहेरी, कारण एकीकडे ताप रक्तातील प्लेटलेट कमी करणार आणि दुसरीकडे गोळ्या उरलेल्यांना कामच करू देणार नाहीत. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघड्या अंगाला डास पळवणारे मलम, हा नियम आम्ही उकाड्यातही मोडला नाही. उष्ण प्रदेशातून परतल्यावर पंधरा दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना प्रवासाची हकिगत आधी सांगावी, आणि तोवर पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नये.

उडवलवेला एक दिवस हत्ती पाहिले. जलाशयाकाठी मोठे कळप होते. तेथील बहुतेक नरांनाही सुळे नसतात. जीप इतकी हिसके देते की कंबरदुखीच्या रुग्णांना मी ही सफर सुचवणार नाही. वाटेत केशरी रंगाची शहाळी मिळतात, त्यांना थांबिली म्हणतात. घामाने गळालेल्याला ती संजीवनीच. मात्र शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते, तेव्हा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्यावे. हा जलाशय वळवे नदीवर बांधला आहे. ‘ही नदी जिथे उगम पावते, तिथेच आपण आता जाणार आहोत,’ असे पत्नी म्हणाली. तिने कागदावर त्या नावाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

ते ठिकाण म्हणजे हॉर्टन प्लेन्स. समुद्रसपाटीपासून २१०० मीटरांहून उंच असे हे पठार, २०१० पासून जागतिक वारशात गणले गेलेले. महावेली, केलनी आणि वळवे या तिन्ही नद्यांचे पाणी येथून निघते. कासच्या पठाराची आठवण व्हावी असे मोकळे गवत, मध्ये ओहोळ, कडेला वाऱ्याने वाकलेली ठेंगणी झाडे. हिमालयातल्या बुरांशाचा एक भाऊबंद येथे वाढतो. आपल्या कारवीचे नातलग येथे ‘नेलू’ या नावाने ओळखतात. कारवी सात वर्षांनी फुलते, येथील नेलू सुमारे बारा. प्रवेशद्वाराशी पिशव्या उघडून प्लॅस्टिकची वेष्टणे काढून घेतात. पठाराच्या दक्षिण टोकाला जमीन अचानक संपते आणि सुमारे ८७० मीटरांचा कडा कोसळतो. त्यालाच वर्ल्ड्स एंड, जगाचे टोक, म्हणतात. सकाळी नऊ-दहानंतर खालून धुके चढते, म्हणून पहाटे सहाला निघावे, हे चालकाने रात्री दोनदा बजावले होते.

आम्ही निघालो आठ वाजता. दोष सर्वस्वी माझा. पहाटेच्या थंडीत मी रक्तदाब मोजला, तो थोडा जास्त आला, पुन्हा मोजला, मग न्याहारीनंतरची गोळी घेऊन अर्धा तास थांबलो. वाटेवरही मी वारंवार नाडी पाहत होतो. हृदयाची गती आवरणारी गोळी घेणाऱ्याने नाडीच्या आकड्यावर फार विसंबू नये, हे मीच रुग्णांना शिकवतो. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढा वेग ठीक, ही साधी कसोटी पुरेशी असते. पत्नीने कुतूहलाने चार वेळा काही विचारले आणि मी चार वेळा ‘थांब’ म्हटले.

कड्यापाशी पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. समोर पांढरी भिंत होती, हात लांब केला तर हातही अस्पष्ट व्हावा अशी. आम्ही पाऊण तास बसलो. धुके हलले नाही. तिने डब्यातला लाडू मोडून अर्धा मला दिला. ती काही बोलली असती तर बरे वाटले असते.

परतीच्या वाटेवर बेकर्स फॉल हा धबधबा आहे. तेथून वर येणाऱ्या पायऱ्या उभ्या आहेत. निम्म्यावर असताना माझ्या छातीत डावीकडे दुखू लागले. मी चालत राहिलो. बूट बांधायचे निमित्त करून थांबलो, फोटो काढायचे निमित्त केले, आणि मनातल्या मनात वहीतले मुद्दे तपासत राहिलो. एका बोटाने दाखवता येते, दाबल्यावर वाढते, पाठीवरील पिशवीचा पट्टा तेथेच रुततो; तेव्हा स्नायूच असणार. सकाळपासून तिचा वेळ खाल्ला होता, आता आणखी काय सांगायचे, असा विचारही त्यात होता. अखेर तिनेच वळून माझा चेहरा पाहिला.

“अहो, कुठे दुखतंय? खरं सांगा.”

मी सांगितले. तिने मला खडकावर बसवले आणि माझ्या खिशातून गोळ्यांची डबी काढून हातात धरली. १९९० या मोफत रुग्णवाहिकेचा क्रमांक तिच्या कागदाच्या पाठीवर लिहिलेला होता; ही सेवा २०१६ साली भारताच्या अर्थसाहाय्याने सुरू झाली, हेही तिने शोधून ठेवले होते. पाच मिनिटांत दुखणे ओसरले. आम्ही सावकाश खाली गाडीपर्यंत आलो. वाहनतळाशी सांबर निवांत उभे होते, त्याच्याकडे पाहण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. स्नायूच आहे, हे मी तिला तीनदा समजावले. ती म्हणाली, “समोर दुसरा रुग्ण असता तर तुम्ही काय सांगितलं असतं?”

स्टेंट झालेल्याच्या छातीत दुखले तर बोटाने दाबून निदान करत बसायचे नाही, तपासणी करायची. मी हेच सांगितले असते.

डोंगरातील एका सरकारी रुग्णालयात तासाभरात पोचलो. जुन्या ईसीजीचे छायाचित्र माझ्या फोनमध्ये होते. ते ताडून पाहता आले, याचा फार उपयोग झाला. हृदयरुग्णाने ते जवळ बाळगावेच. नवा आलेख जुन्यासारखाच होता, काही तासांनी पुन्हा काढलेलाही तसाच, रक्ताची तपासणीही निर्दोष. तरुण डॉक्टर मुलगी आमच्या लेकीच्या वयाची असेल. तिने विचारले, दुखू लागल्यावर किती वेळाने बरोबरच्यांना सांगितले?

“दहा मिनिटांनी,” मी म्हणालो.

“पंचवीस,” पत्नी म्हणाली.

तिने पंचवीस लिहून घेतले.

संध्याकाळी अंधार पडता पडता बाहेर आलो. चालकाने दार उघडले आणि, मॅडम, वर्ल्ड्स एंड पाहिला का, असे विचारले. पत्नीने पिशवीतून तो कागद काढला, गाडीतल्या दिव्यात धरला, आणि लाल पेनाने दोन रेघांच्या शेजारी लिहिले: ‘पुन्हा. पहाटे सहा.’