आईची बैठक

वकिली हा बोलण्याचा धंदा. म्हणूनच की काय, घरी ऐकण्याची हौस आम्हांस जडली आणि ती स्पीकर स्वहस्ते बांधण्यापर्यंत गेली. मध्ये ट्वीटर आणि त्याच्या वर-खाली एकेक वूफर, ही जोडरचना आम्ही निवडली. जोसेफ डॅपोलिटो या अमेरिकन अभियंत्याने १९८३ साली तिचे विवेचन केले आणि तिला त्याचेच नाव चिकटले. साध्या स्पीकरात वूफर व ट्वीटर जेथे एकमेकांकडे सूर सोपवितात, तेथे ध्वनीचा झोत वर वा खाली कलू शकतो. येथे दोन्ही बाजू सारख्या, म्हणून तो सरळ राहतो. सरळ झोत अरुंदही असतो, हे मात्र आमच्या ध्यानी आले नाही.

सूर सोपविण्याची ही जागा, म्हणजे क्रॉसओव्हर, आम्ही ३००० हर्ट्‌झवर बांधली. खुर्चीवरील कानाच्या उंचीस मायक्रोफोन ठेवून पाहिले. ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट जोडताच आलेखात खोल खड्डा पडला, सुलट करताच बुजला. मेळ जमल्याची ही खूण. आम्ही कृतार्थ झालो.

बडोद्याच्या आमच्या घरात आई अजून चटईवरच बसते. ती म्हणाली, "भीमसेनांचा आवाज भरदार येतो रे, पण शब्द गिळल्यासारखे वाटतात." आम्ही म्हणालो, "आई, तुझे कानही आता चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले." ती गप्प झाली. पुढे संध्याकाळी ती स्वयंपाकघरातच बसू लागली. दुसऱ्या पक्षाचे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हे कोर्टात आम्ही किती वेळा बजावले असेल!

दोन महिन्यांनी चष्म्याचा स्क्रू पडला. तो शोधण्यास जमिनीवर बसलो, तो अभंगातील शब्द आमच्याही कानांवरून नाहीसे झाले.

मग हिशेब मांडला. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४४ मीटर. ३००० हर्ट्‌झची लहर साडेअकरा सेंटिमीटरांची. वूफरांच्या केंद्रांत अंतर ३० सेंटिमीटर, स्पीकर दोन मीटरांवर, आणि आईचे कान ट्वीटरच्या ४० सेंटिमीटर खाली. वरच्या वूफरचा ध्वनी तिच्यापर्यंत जवळजवळ सहा सेंटिमीटर अधिक चालून येई. म्हणजे अर्धी लहर! एकाची चढण तीच दुसऱ्याची उतरण. दोघे एकमेकांस पुसून टाकीत आणि तेथे एकटा ट्वीटर निम्म्या जोराने उरे. व्यंजनांची धार असते ती याच प्रदेशात.

नवी कॉइले, नवे कपॅसिटर घेऊन क्रॉसओव्हर १८०० हर्ट्‌झवर आणला. तेथे लहर एकोणीस सेंटिमीटरांची. ट्वीटरवरचा भार वाढला, पण उतार ऑक्टेव्हला २४ डेसिबल ठेवल्याने आणि घरगुती आवाजात तो निभावला. शिवाय स्पीकरांचे स्टँड २० सेंटिमीटर कापले, म्हणजे ट्वीटर खुर्ची व चटई यांच्या बरोबर मध्यावर आला. तडजोडीची आम्हांस सवय आहेच.

कानांविषयीचा निकालही आम्ही मागे घेतला. आईने चटई पसरली, अर्धा अभंग ऐकला आणि म्हणाली, "आता तुझ्या पेटीला दात आले."

खुर्चीवरून गाणे पूर्वीपेक्षा किंचित मवाळ लागते. चालायचेच.