उनकेश्वरचे ऊन पाणी

बालमित्रांनो, हिंगोलीची आपली कयाधू पैनगंगेला मिळते ना? त्याच पैनगंगेच्या काठी, पुढे किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. तिथे जमिनीतून ऊन पाणी येते. चूल नाही, लाकूड नाही! शरभंग ऋषींचे कुष्ठ जावे म्हणून रामाने बाण मारून ते काढले, अशी कथा. खरे तर जमिनीत दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. खोल मुरलेले पाणी तापते नि भेगांतून वर येते. जर्मनीतल्या बाडेन-बाडेनला अशाच झऱ्यांवर रोमन लोकांनी स्नानगृहे बांधली होती. उनकेश्वरच्या कुंडात त्वचेचे रोगी मोठ्या आशेने उतरतात. अंग शेकते, बरे वाटते. पण कुणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर आधी सरकारी दवाखाना गाठा बरं का! कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि गोळ्या तिथे फुकट मिळतात. मग खुशाल कुंडात डुंबा.