घरचा वाफा

आमच्या विहिरीच्या काठाला चार गुंठ्यांचा एक तुकडा होता. मेथी, कोथिंबीर, वांग्याची पाच-सात झाडं, कडेला वालाचा वेल. या तुकड्याला माझ्या हयातीत औषधाचा थेंब लागलेला नव्हता. पाहुण्यांना वाढताना मी आवर्जून सांगायचो, "घरच्या वाफ्यातलं आहे, बिनधास्त खा." बाजारात जाणारा वांग्याचा अर्धा एकर तिथून हाकेच्या अंतरावर होता, आणि त्यातली वांगी पाहुण्यांच्या ताटात जायची नाहीत हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून मी कधी पाहिल्याच नाहीत. तीसेक वर्षं.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. सात एकर द्राक्ष, उरलेल्या रानात भाजीपाला. अन्न सुरक्षेच्या प्रशिक्षणाला माझा जो विरोध होता तो चोरून नव्हता. गावातल्या बैठकांत मी उभा राहून बोलायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की हे सगळे युरोपवाल्यांचे चोचले. त्यांना आपला माल नको असतो तेव्हा त्यांना मिलिग्रॅम आठवतात.

असं म्हणायला कारणही होतं. 2010 चा हंगाम आमच्या भागात कुणी विसरलेला नाही. खरड छाटणीनंतर फुटींचा जोम आटोक्यात राहावा आणि काडीत घड धरावा म्हणून आम्ही सीसीसी मारायचो. क्लोरमेक्वाट क्लोराइड हे त्याचं पूर्ण नाव, ते मला नंतर पाठ झालं. वर्षानुवर्षं सगळेच वापरत. त्या वर्षी युरोपात आमच्या द्राक्षांत त्याचा अंश सापडला. तिकडची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. इथल्या तपासणीत माल पास झालेला, कारण तपासायच्या यादीत हे नावच नव्हतं. कंटेनर परदेशी बंदरांत अडकले, आणि जे पैसे आम्ही मनातल्या मनात खर्च करून बसलो होतो ते आलेच नाहीत. जे तपासायला सांगितलं नव्हतं त्यात नापास होण्याचा राग काय असतो, ते ज्याचा माल अडकला त्यालाच कळेल. त्या रागाला मी बरीच वर्षं पाणी घातलं.

कायदाही माझ्याच बाजूने असल्यासारखा वाटायचा. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या अठराव्या कलमात शेतकरी आणि त्याच्या शेतावरचा माल यांना कायद्यातून वगळलं आहे. हे कलम मला कुणा वकिलाने सांगितलं होतं आणि मी ते खिशात बाळगल्यासारखं वापरायचो. फरसाणवाल्याला परवाना लागतो, मला लागत नाही. मग मला शिकवणारे तुम्ही कोण?

तरीही निर्यातीचा भाव हवा होता. म्हणून शेतकऱ्यांच्या गटात शिरलो, ग्लोबल गॅपचं प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं आणि कागद सुरू झाले. फवारणीची डायरी, औषधांची वेगळी खोली, रिकाम्या बाटल्यांचा हिशोब, बागेत मजुरांसाठी संडास. संडास मी बांधला. पत्र्याचा, पण चांगला. तपासणीस आला, त्याने फोटो काढला, खूण केली आणि गेला. मग मी त्याला कुलूप लावलं. पुढच्या वर्षी तो परत येईपर्यंत स्वच्छ राहायला हवा ना! किल्ली घरात देवघराशेजारच्या खिळ्याला. हे लिहिताना हात अडखळतो, पण मनोगत म्हणून लिहायचं आणि किल्ली लपवायची यात काही अर्थ नाही. दोन हंगाम ते कुलूप तिथे होतं.

प्रशिक्षणाला गेलो तो हजेरीपटावर सही हवी म्हणून. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात दोन दिवसांचा वर्ग होता. शिकवणारी मुलगी माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, कृषी पदवीधर. पडद्यावरची अर्धी अक्षरं इंग्रजीत होती, त्यावरून मी सुरुवातीलाच टोमणा मारून घेतला. तिने तो हसून घेतला आणि एक रिकामी बाटली वर धरून विचारलं, "काका, हा त्रिकोण कसला?"

बाटलीवर चौकोन असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. मी तीस वर्षं त्या बाटल्या हाताळत होतो. लाल म्हणजे जालीम, हे माहीत होतं, आणि जालीम म्हणजे चांगलं, हेही माहीत होतं. हिरवा म्हणजे झाडाला मानवणारं, असं मी छातीठोकपणे सांगितलं. चारही रंग विषाचेच आहेत, फक्त उतरत्या क्रमाने, हे त्या दिवशी कळलं. मंडपात माझ्यासारखे बरेच होते, म्हणून लाज वाटून गेली.

घरी येताना एक गोष्ट डोक्यात फिरत राहिली. आपण याला औषध म्हणतो. दुकानातून औषध आणतो, बागेला औषध मारतो. आणि गावात कुणी जीव दिला तर त्याने औषध घेतलं म्हणतो. शब्द तोच. औषध म्हटलं की गुण येईना तर डोस वाढवावा, हे आपोआप येतं. कृषी सेवा केंद्राचा मालक डॉक्टर होतो, आपण रोग्याचे नातेवाईक. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, तेव्हा मी बातमी वाचून म्हणालो होतो, तोंडाला फडकं बांधलं नसेल. माझा गडी तरी कुठे बांधत होता?

दुसऱ्या दिवशी मात्र मी तयारीने गेलो. म्हटलं, "ताई, आम्हाला विषाचं काय सांगता? आम्हाला ते तुमच्याआधीपासून कळतं. आम्ही घरच्यासाठी वेगळा वाफा ठेवतो." सगळा मंडप हसला. हसला, कारण प्रत्येकाच्या विहिरीकाठी तसा वाफा होता. ती हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "त्या वाफ्याला घालता काय, काका?"

मी अभिमानाने सांगितलं. जीवामृत. देशी गाईचं ताजं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. पानांवरही शिंपडतो. आणि मेथी-कोथिंबीर काढली की ओढ्यात धुतो, म्हणजे माती निघते आणि जुडी टवटवीत राहते.

तेव्हा तिने जर्मनीची गोष्ट सांगितली. मे 2011 मध्ये तिकडे एका जिवाणूने, ई. कोलायच्या एका घातक जातीने, धुमाकूळ घातला. साडेतीन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, पन्नासहून जास्त दगावली, कित्येकांची मूत्रपिंडं निकामी झाली. आधी संशय स्पेनच्या काकडीवर गेला. स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल उकिरड्यावर गेला, आणि काकडी निर्दोष निघाली. शेवटी माग निघाला तो मोड आलेल्या कडधान्यांचा. ती एका सेंद्रिय शेतावर काढलेली होती. आणि बी कसलं, तर इजिप्तहून आलेल्या मेथीचं.

मेथी. माझ्या घरच्या वाफ्यातली.

इजिप्तची मेथी नेमकी कुठे नासली याचा आणि माझ्या जीवामृताचा संबंध नाही, हे मलाही कळतं. पण मी जगाचे दोन भाग केले होते. औषध मारलेलं ते वाईट, न मारलेलं ते पवित्र. जर्मनीतल्या त्या शेतावर औषधाचा दोष नव्हता. आणि आमचा ओढा गावाच्या गटारी घेऊन येतो, हे मी रोज नाकाने अनुभवत होतो. त्याच पाण्यात बुचकळलेली कोथिंबीर आम्ही कच्ची, भातावर भुरभुरून खात होतो. कच्चं शेण घातल्यापासून जमिनीला टेकणारा माल काढेपर्यंत 120 दिवस जाऊ द्यावेत, असा अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्राचा नियम आहे. माझी मेथी तीस-पस्तीस दिवसांत निघते. म्हणजे पाहुण्यांना बिनधास्त खा म्हणताना मी दोन्हीकडून खोटा होतो. बाजारात एक वाढत होतो, घरात दुसरं.

जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं, तुमच्या बागेत बायका डिपिंगला येतात, त्या जातात कुठे? मी म्हटलं, संडास आहे. फोटो आहे. तिने मान डोलावली आणि ती वरणभात वाढून घ्यायला गेली.

आमच्याकडे विरळणीला आणि डिपिंगला पेठ-सुरगाण्याकडच्या बायका येतात. घड न् घड त्यांच्या हातातून जातो. जीए या संजीवकाच्या पाण्यात बुडवतात, कात्रीने मणी काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाईला विचारलं, मावशी, तुम्ही लोक दिवसभर कसं करता? ती आधी बोलेचना. मग म्हणाली, "भाऊ, आम्ही घरून निघताना पाणीच पीत नाही. दुपारी फार झालं तर मग नाल्याकडं."

आणि हात?

"हात काय, पानाला पुसायचे."

त्या वेळी किल्ली माझ्याच खिशात होती असं लिहिलं तर गोष्ट रंगेल, पण ती खिळ्यालाच होती. घरी येऊन काढली, कुलूप उघडलं आणि कुलूपच विहिरीच्या खोलीत फेकून दिलं. बाहेर पाण्याची टाकी, तोटी आणि साबण ठेवला. पहिला साबण आठवड्याच्या आत गायब झाला. मला राग आला, मग आठवलं की वडी सात रुपयांची होती. आता दोरीला बांधतो. दोन-तीन दिवसांनी पाहिलं, तर बायका दुपारी माठाशी उभ्या राहून पाणी पीत होत्या. एवढंच. त्यांनी मला काही म्हटलं नाही, मीही त्यांना काही म्हटलं नाही.

अन्न सुरक्षा म्हणजे रसायनशास्त्र, ही माझी समजूत तिथे गेली. माझ्या द्राक्षाच्या डबीत काय आहे ते प्रयोगशाळा सांगते, पण ती डबी भरणाऱ्या बाईला लघवीला जायला जागा आहे का, हे कुठल्याच यंत्रात दिसत नाही. द्राक्ष न धुता तोंडात टाकायचं फळ आहे, इथेही आणि तिथेही.

द्राक्षाचं त्या मानाने सोपं आहे. काढणी एकदाच. कुठल्या औषधानंतर किती दिवस थांबायचं याचा तक्ता मिळतो, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ही कामं नेटाने केली आहेत, आणि चुकलो तर परत पाठवणारा कुणीतरी असतो. खरी कसोटी भाजीची. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, वांगी चार-पाच दिवसांनी. बाटलीवर लिहिलेलं असतं, फवारणीनंतर सात दिवस तोडणी नको. सात दिवस थांबलं तर भेंडीची लाकडं होतात. मग आम्ही काय करायचो? संध्याकाळी मारायचो, सकाळी तोडायचो, वर पाणी मारून क्रेट भरायचो. हे मी एकटा करत नव्हतो, पण मी करत होतो.

आता आधी तोडतो, मग फवारतो. पोखरलेले शेंडे खुडून खड्ड्यात पुरतो, कामगंध सापळे लावले आहेत, थांबण्याचे दिवस कमी असलेलंच औषध आणतो. 'जैविक' लिहिलेल्या बिनपावतीच्या बाटलीला हात लावत नाही. आत काय असतं ते बनवणाराच जाणे. तरी अळी जिंकते कधी कधी. तेव्हा मोठं औषध मारावं लागतं आणि एखाद-दुसरा तोडा सोडून द्यावा लागतो. त्याचे पैसे मला कुणी देत नाही. बाजार समितीत माझा क्रेट आणि काल संध्याकाळी फवारलेला क्रेट एकाच ओळीत, एकाच बोलीत जातात. प्रशिक्षणात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी दोनदा विचारलं. मुलगी प्रामाणिक होती, तिने उत्तर असल्याचं सोंग केलं नाही. माझा विरोध जिथे उरला आहे तो इथे, आणि तो मी सोडलेला नाही. बैठकीत अजून उठून बोलतो. टाळ्या कमी पडतात.

घरचा वाफा मोडला. तिथे आता रोपवाटिका आहे. घरात सांगून टाकलं, की विकायची भाजी तीच आपली भाजी. बायकोने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग ती डायरी स्वयंपाकघरात टांगा."

टांगली. निर्यातीसाठी लिहायची ती नव्हे. त्या डायरीत पूर्वी मी काय काय लिहिलंय ते मलाच माहीत. ही वेगळी, चौकड्यांच्या वहीची, भाजीपाल्याची. परवा बायको टोपली घेऊन वांग्याकडे निघाली, दारात थबकली, वहीचं पान उलटून तारीख पाहिली आणि टोपली परत खुंटीला अडकवली.

"गुरुवारपर्यंत पिठलं," ती म्हणाली.