खान मार्केटमधला क्र्वासाँ

दिल्लीच्या खान मार्केटमध्ये बेकरीच्या काचेआड चंद्रकोरीसारखा, पापुद्र्यांचा तो पाव दिसला, की तुम्हीही नाव न घेता नुसतं बोट दाखवता का? मीही तेच करायचे. एकदा धीर करून ‘क्रॉइसंट’ म्हटलं, तर रांगेतल्या दोघी हसल्या. घरी येईपर्यंत ते हसू कानात होतं.

त्याचा उच्चार ‘क्र्वासाँ’. शेवटचा ‘टी’ फक्त लिहायचा. त्यात अवघड काय? बसचा ‘डेपो’ आणि गाडीतली ‘रेनो’ म्हणताना तो आपण गिळतोच की!

खरी गंमत त्या ‘साँ’ची. आपण मराठी माणसं अनुस्वार दिसला, की जीभ टेकवून ‘न’ म्हणून मोकळे होतो. फ्रेंचमध्ये जीभ कुठेच टेकत नाही, आवाज नाकातूनही जातो. दिल्लीत याची शिकवणी फुकट आहे. ऑटोवाल्याचं ‘कहाँ?’ नीट ऐका. पाट्यांवरचं हिंदी ‘रेस्तराँ’ तर आपल्या ‘रेस्टॉरंट’पेक्षा फ्रेंचच्या कितीतरी जवळचं. त्यातला ‘त’सुद्धा बरोबर, कारण फ्रेंच माणूस ट-ड नाही, त-द म्हणतो.

‘बोंझूर’ म्हणजे नमस्कार. त्यातल्या ‘झ’साठी लांब ‘श’ म्हणा आणि त्यात गळ्यातला आवाज मिसळा. गळ्यावर बोट ठेवलं तर कंप जाणवेल.

राहिला ‘र’. त्यासाठी निजामुद्दीनला चला. १८६९ मध्ये गेलेल्या मिर्झा गालिबची मजार तिथे आहे. उर्दूत त्याच्या नावातला ‘ग़’ घशातून घासत येतो. फ्रेंच ‘र’ जवळजवळ तोच! जिभेचं टोक खालीच ठेवा आणि ‘मेर्सी’ म्हणा, म्हणजे धन्यवाद. मला हे जमायला आठवडा लागला. घरचे विचारायचे, घसा बसलाय का?

लोधी इस्टेटमध्ये ‘आलियाँस फ्राँसेज’ ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे. तिथे जाल तेव्हा काही विचारण्याआधी ‘बोंझूर’ म्हणा. फ्रान्समध्ये दुकानातही आधी नमस्कार, मग काम. तो राहिला, तर उच्चार कितीही चोख असला तरी उद्धट वाटतं.

परवा त्याच बेकरीत पुन्हा गेले. छाती भरून म्हटलं, ‘बोंझूर! अँ क्र्वासाँ, सिल वू प्ले.’ म्हणजे, एक क्र्वासाँ द्या ना, प्लीज.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘गरम कर दूँ?’

मी म्हटलं, ‘हाँ.’